काझ्युकासची जत्रा: व्हिल्नियसच्या थंडीत भरणारा बाजार

लिथुआनियात वसंताची पहिली मोठी जत्रा बर्फ पुरता वितळायच्या आतच भरते. ४ मार्च हा संत काझिमिएरासचा दिवस. त्याच्या आसपासचे शुक्रवार, शनिवार, रविवार धरून राजधानी व्हिल्नियसचे जुने रस्ते विक्रेत्यांच्या ताब्यात जातात. संताचं लाडाचं नाव काझ्युकास, म्हणून जत्रेचं नाव ‘काझ्युको मुगे’. पारा शून्याच्या जरा वर नाही तर जरा खाली, फरसबंदीवर बर्फ आणि चिखलाचा काला, कानात शिरणारा वारा. अशा हवेत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टोपल्या, लाकडी चमचे, काळी मडकी, मधाच्या बरण्या आणि वाळलेल्या फुलांच्या रंगीत काठ्या मांडून माणसं दिवसभर उभी असतात.

पहिल्यांदा जाणाऱ्याला साहजिकच वाटतं, ही जत्रा मे महिन्यात का भरवत नाहीत? ऊन असेल, झाडांना पालवी असेल, पैसे मोजताना बोटं गारठणार नाहीत. पण मे महिन्यात त्या शेतकऱ्याला जत्रेत उभं राहायला वेळ कुठला? तिथला शेतीचा हंगाम आखूड. बर्फ गेला की नांगरट आणि पेरणी, मग गवताची कापणी, मग राय हे गव्हासारखं धान्य, मग बटाटे, असं करत ऑक्टोबर उजाडतो. त्यानंतर जमीन गोठते, डिसेंबरात दिवस जेमतेम सात-साडेसात तासांचा होतो आणि घरात बसून हाताने करण्यासारखीच कामं उरतात. टोपल्या विणा, दाताळी तासा, लाकडाची पिंपं जोडा, सूत काता, माग चालवा. मार्च लागला की हा सगळा माल शहरात न्यायचा, विकायचा आणि आलेल्या पैशातून पेरणीआधीची खरेदी करायची. उशीर केला तर रस्त्यांचा चिखल होतो आणि शेत हाका मारायला लागतं.

म्हणजे ही जत्रा वसंताची म्हणवते, पण तिथे विकायला येतो तो हिवाळा. चार-पाच महिन्यांचं हाताचं काम तीन दिवसांत रस्त्यावर मांडलेलं असतं. हे एकदा ध्यानात आलं की तिथल्या बहुतेक वस्तूंचा अर्थ आपोआप लागत जातो. त्या कशाच्या आहेत, तशाच का आहेत, आणि कुठल्या खऱ्या, कुठल्या उगाच रांगेत घुसलेल्या, हेही कळतं.

राजपुत्र, संत आणि बाजार

काझिमिएरास हा राजपुत्र होता. जन्म ३ ऑक्टोबर १४५८ चा, पोलंडमधल्या क्राकोव शहराच्या वावेल किल्ल्यातला. वडील पोलंडचे राजे आणि लिथुआनियाचे ग्रँड ड्यूक. त्या वेळी दोन्ही राज्यं एकाच घराण्याकडे होती. तेराव्या वर्षी पोराच्या हाती फौज देऊन त्याला हंगेरीची गादी मिळवायला धाडलं. मोहीम फसली. पुढे वडील लिथुआनियात मुक्कामाला असताना पोलंडचा कारभार त्याने पाहिला. लग्नाला त्याने नकार दिला, रात्री चर्चच्या बंद दारापुढे तो प्रार्थना करत बसायचा, गोरगरिबांना हात सैल सोडून द्यायचा, अशा गोष्टी त्याच्याविषयी सांगितल्या जातात. ४ मार्च १४८४ रोजी ग्रोडनो इथे, म्हणजे आजच्या बेलारूसमध्ये, तो वारला. वय अवघं २५. क्षयाने गेला असं मानतात. दफन व्हिल्नियसच्या कॅथेड्रलमध्ये झालं.

१६०२ साली पोपने त्याच्या सणाला मान्यता दिली. १६०४ मध्ये व्हिल्नियसने मोठा सोहळा केला आणि त्याच्या नावाच्या चर्चचा पाया घातला. कॅथेड्रलमधलं त्याचं खास चॅपेल १६३६ साली पुरं झालं आणि त्याचे अवशेष तिथे हलवले गेले. जत्रेला गेलात तर या चॅपेलमध्ये जरूर डोकवा, निदान ऊब मिळते म्हणून तरी. तिथल्या चित्रात संताला तीन हात आहेत, त्यातले दोन उजवे. चित्रकाराने हाताची ठेवण बदलायची म्हणून आधीचा हात रंगाने झाकला, तर तो परत वर आला, अशी दंतकथा. दानशूर माणसाला एक हात जास्तीचा लागतोच, असा अर्थही भाविक लावतात. मला दुसरं स्पष्टीकरण जास्त पटतं.

संताच्या दिवशी दर्शनाला गर्दी होते, गर्दीला खायला लागतं, घरी न्यायला काहीतरी लागतं, आणि जिथे इतके लोक जमतात तिथे माल विकायला शेतकरी येणारच. आपल्याकडच्या कुठल्याही यात्रेचं गणित हेच: आधी देव, मग पेढे-बत्तासे, मग पाळणे आणि शेवटी बैलबाजार. व्हिल्नियसमध्ये फरक एवढाच पडला की संताचा दिवस नेमका गावकऱ्यांच्या सवडीच्या शेवटच्या आठवड्यात आला. सण आणि शेतीचं वेळापत्रक असं जुळलं नसतं, तर जत्रा इतकी टिकली असती का, शंकाच आहे.

शहर बदललं, खेडी राहिली

व्हिल्नियसचा इतिहास थोडक्यात सांगणं अवघड, पण जत्रेपुरतं एवढं पुरे. १७९५ नंतर शहर रशियन साम्राज्यात. दोन महायुद्धांमधल्या काळात, १९२० ते १९३९, प्रत्यक्षात पोलंडकडे. मग सोव्हिएत, मग १९४१ ते १९४४ नाझी जर्मनी, मग पुन्हा सोव्हिएत, आणि १९९० मध्ये लिथुआनियाने स्वातंत्र्य पुन्हा जाहीर केलं. राजवटी बदलल्या तशी शहरातली माणसंही जवळजवळ पूर्ण बदलली. इथला ज्यू समाज एवढा मोठा आणि विद्येचा भोक्ता की शहराला ‘लिथुआनियाचं जेरुसलेम’ म्हणत; नाझी काळात तो जवळजवळ संपवला गेला, हजारोंना शहराबाहेरच्या पानेरियायच्या जंगलात गोळ्या घातल्या गेल्या. युद्धानंतर शहरातले बहुसंख्य पोलिश लोक पोलंडला गेले आणि त्यांच्या जागी इतर भागांतून लिथुआनियन, रशियन, बेलारूसी कुटुंबं आली.

एवढ्या उलथापालथीत जत्रा कशी वाचली? मला दिसतं ते कारण साधं आहे: गिऱ्हाईक बदललं, विक्रेता बदलला नाही. शहराभोवतालच्या खेड्यांत पोलिश, बेलारूसी, लिथुआनियन बोलणारे शेतकरी बऱ्याच अंशी तिथेच राहिले. त्यांना टोपल्या विकायच्याच होत्या आणि शहरात जो कोणी राहत असेल त्याला टोपली लागतच होती. पूर्वी कॅथेड्रलजवळ भरणारी जत्रा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुकिश्केस चौकात गेली. सोव्हिएत काळात तिला काल्वारियू बाजारात, म्हणजे रोजच्या भाजीपाल्याच्या मंडईत, अंग चोरून राहावं लागलं. त्याच काळात काझिमिएरासच्या चर्चमध्ये चक्क नास्तिकतेचं संग्रहालय थाटलं होतं, आणि संताचे अवशेष १९५३ मध्ये शहरातल्या दुसऱ्या एका चर्चमध्ये हलवले होते. ते १९८९ मध्ये कॅथेड्रलमध्ये परतले. जत्राही त्याच सुमाराच्या नव्या वाऱ्यात जुन्या शहराच्या रस्त्यांवर परत आली.

जे शहर सोडून गेले त्यांनीही ती सोबत नेली. पोलंडमध्ये काही शहरांत मार्चमध्ये ‘काझ्युकी’ भरतात, ग्रोडनोतही भरते, आणि अमेरिकेतली लिथुआनियन स्काऊट मंडळी आपापल्या गावच्या हॉलमध्ये काझ्युकासची जत्रा भरवतात. कोल्हापूरकरांना यातला एक धागा माहीत असेल. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत सत्तेने पोलंडच्या ज्या पूर्वेकडच्या पट्ट्यातून या लोकांना हद्दपार केलं, त्याच पट्ट्यात युद्धापूर्वी व्हिल्नियस होतं.

वेर्बा: जत्रेची खूण

जत्रेत एकच गोष्ट नीट बघायची असेल तर वेर्बा बघा. काठीवर वाळलेली फुलं, गवतं आणि कणसं इतकी दाट बांधलेली असतात की लाकूड दिसत नाही. काही वीतभर, काही माणसाएवढ्या. पट्टे, नागमोडी रेषा, जाळीदार नक्षी, टोकाला गवताचा तुरा.

ही काठी खरं तर ईस्टरच्या आधीच्या रविवारसाठी असते. येशू जेरुसलेमात आला तेव्हा लोकांनी खजुराच्या झावळ्या घेऊन त्याचं स्वागत केलं, त्याची ही आठवण. वसईत आणि गोव्यात झावळ्यांच्या रविवारी खऱ्या झावळ्या हाती घेता येतात. बाल्टिक प्रदेशात झावळी आणणार कुठून? मग जे मिळेल ते घ्यायचं. लिथुआनियाच्या बऱ्याच भागांत ज्युनिपरची सदाहरित फांदी किंवा कळ्यांचे मऊ गोंडे आलेली विलोची डहाळी चर्चमध्ये नेतात. त्या रविवारी घरात जो आधी उठेल त्याने झोपलेल्यांना त्या फांदीने हलकेच झोडपायचं आणि म्हणायचं: ‘मी नाही मारत, वेर्बा मारते, आठवड्याने ईस्टर येते.’ ज्युनिपर चांगलाच टोचतो, त्यामुळे पोरं त्या दिवशी न उठवता उठतात.

व्हिल्नियसच्या भोवतालच्या खेड्यांनी मात्र स्वतःची वेगळी वाट काढली. हिरवी फांदी न घेता त्यांनी गेल्या उन्हाळ्याची फुलं वापरली. शहराच्या वायव्येला चेकोनिश्केस आणि आसपासची गावं यासाठी प्रसिद्ध आहेत. काम उन्हाळ्यातच सुरू होतं. शेताच्या बांधावरचं तिमोथी गवत, पिवळ्या गुंड्यांची टॅन्सी, पांढरा यारो, बागेत मुद्दाम लावलेली आणि हाताला कागदासारखी कुरकुरीत लागणारी इमॉर्टेल, राय आणि ओटची कणसं हे सगळं ऐन वेळेला खुडायचं. इमॉर्टेल पूर्ण उमललं की उशीर झाला, कारण वाळताना ते आणखी उघडतं आणि मधला भाग विस्कटतो. जुड्या बांधून माळ्यावर अंधारात उलट्या टांगायच्या. उन्हात वाळवलं तर रंग उडतो. काही गवतं रंगवतात, त्यामुळे एखाद्या वेर्बेवर भडक जांभळा किंवा पोपटी दिसला तर तो शेतातला रंग नाही हे समजून घ्यायचं.

बांधणी हिवाळ्यात. सुरुवात टोकाकडून होते. आधी तुरा घट्ट बांधायचा. मग काठी एका हाताने फिरवत दुसऱ्या हाताने एकेक फूल ठेवायचं आणि दोऱ्याचा वेढा आवळायचा. पुढची ओळ आधीच्या ओळीचे देठ आणि दोरा झाकत खाली उतरते. नक्षी डोक्यात असते, कागदावर नाही. दोरा सैल राहिला तर वाळलेले देठ आणखी आकसतात आणि वर्षभरात फुलं गळायला लागतात. जास्त आवळला तर देठ तुटतात. घेताना वेर्बा आडवी धरून हलकेच हलवा. चांगली असेल तर चार-दोन कुसळं पडतील, फूल पडणार नाही.

या वेर्बांचे जुने प्रकारही आहेत. लाटण्यासारख्या गोल, सरळ वेर्बा सगळ्यांत जास्त दिसतात. काही चपट्या, एका बाजूनेच सजवलेल्या. गावातल्या जाणत्या बायका लांबून बघून ही कोणत्या घरची ते ओळखतात म्हणे, आणि एकदा चार मांडण्या नीट निरखल्या की यात फारशी अतिशयोक्ती नाही हे पटतं.

लाकूड, काडी, माती

टोपल्यांची रांग सगळ्यात लांब. विलोच्या फोका (आपल्याकडचा नदीकाठचा वाळुंज याच कुळातला) साल न काढता विणल्या तर टोपली तपकिरी-हिरवट, सोलून विणल्या तर पांढरट, आणि उकळून सोलल्या तर सालीचा रंग आत मुरून तांबूस होते. म्हणजे टोपलीचा रंग बहुतेक वेळा रंगाचा नसतो, प्रक्रियेचा असतो. दक्षिणेकडच्या झूकिया भागात जमीन रेताड आणि पाईनची जंगलं दाट. तिथले कारागीर पाईनची लांब, चिवट मुळं उपटून, चिरून त्यांच्याही टोपल्या करतात. अशी टोपली हातात घेतली की जड लागते आणि दोन माणसांचं वय टिकते.

चमच्यांत ज्युनिपरचा चमचा शोधा. त्याला वास येतो, उग्र आणि गोडसर, आणि तो बराच काळ जात नाही. बर्चच्या सालीच्या डब्याही दिसतील. ज्याच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या त्या भूर्जाचाच हा उत्तरेकडचा भाऊबंद. साल ओलावा सहज आत जाऊ देत नाही, म्हणून अशा डब्यांत मीठ आणि कोरडा जिन्नस ठेवायची रीत.

सगळ्यांत नाजूक वस्तू म्हणजे सोदास. रायच्या काडाच्या पोकळ नळ्या एकाच मापाच्या कापायच्या, त्यातून दोरा ओवायचा आणि आठ त्रिकोणी बाजूंचा हिऱ्यासारखा आकार बांधायचा. असे लहान-मोठे हिरे एकमेकांना टांगत जायचं की छतावरून लोंबणारं अख्खं झुंबर तयार होतं. लग्नाच्या टेबलावर, पाळण्यावर, सणाच्या दिवशी जेवणाच्या जागेवर ते टांगतात. कोणी दार उघडलं, कोणी श्वास सोडला तरी ते सावकाश फिरतं. यात काड तर काहीच नाही, भूमिती सगळी: त्रिकोणाला ढकललं तरी त्याचा आकार बदलत नाही, चौकोन कलंडतो. म्हणून दोरा आणि पोकळ नळ्या एवढ्यावर ही रचना ताठ राहते. २०२३ मध्ये युनेस्कोने ही कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. लाकडी क्रूस घडवण्याची लिथुआनियन परंपरा त्या यादीत आधीपासूनच आहे. सोदास विकत घ्यावासा वाटला तर एकच प्रश्न स्वतःला विचारा: विमानातून हे नेणार कसं?

काळ्या मडक्यांपाशी बरेच लोक विचारतात, रंग कुठला वापरता? रंग नाहीच. भट्टी तापली की शेवटच्या टप्प्यात कुंभार आत राळ असलेली पाईनची लाकडं घालतो आणि भट्टीची सगळी भोकं मातीने लिंपून टाकतो. आत जाळ आहे पण हवा नाही. जाळाला ऑक्सिजन हवाच असतो, तो तो मातीतूनच ओढून घेतो. मातीला तांबडेपणा देणारं लोहाचं ऑक्साइड त्यामुळे काळ्या रूपात जातं, आणि धुरातला कार्बन मातीच्या सूक्ष्म छिद्रांत बसतो. त्याच मातीला शेवटपर्यंत हवा मिळाली असती तर मडकं लाल झालं असतं. चमक येते ती भाजण्याआधी गुळगुळीत दगडाने घोटल्यामुळे. घोटलेला भाग चकचकीत, न घोटलेला मंद, आणि नक्षी या फरकातूनच उमटते. आत काचेचा लेप नसल्यामुळे ही भांडी थोडी पाझरतात. फुलदाणी म्हणून घेणार असाल तर वाळलेली फुलंच ठेवा.

शेजारीच लिनन. लिनन म्हणजे जवसाच्या खोडातले धागे. विदर्भात ज्या जवसाची चटणी करतात ते पीक हेच, फक्त तिथे धाग्यासाठी उंच, कमी फांद्यांचे वाण लावतात. मागावर विणलेले अरुंद पट्टे, ज्यांना युओस्ता म्हणतात, कमरेला बांधायला आणि भेट द्यायला असतात. नक्षी विणीतूनच आलेली असते, वरून छापलेली नाही. पट्टा उलटा केला की लगेच कळतं.

खाणं

खाण्याचा भाग संपत नाही, म्हणून थोडक्यात. गळ्यात घालायच्या कडक कड्यांसारख्या पावांच्या माळा आजच्या बेलारूसमधल्या स्मोरगोनच्या नावाने विकल्या जात. रादझिविल सरदारांच्या काळात त्या गावात अस्वलांना नाच शिकवणारी शाळा होती, आणि हे पाव म्हणजे अस्वलांची शिदोरी होती अशी गोष्ट सांगतात. मधाच्या पिठाची हृदयाच्या आकाराची बिस्किटं, वर साखरेने लिहिलेलं नाव, ही जत्रेची जुनी भेट. पोरगा पोरीला द्यायचा. आज त्यावर कोणतंही नाव लिहून मिळतं, मराठी नावाचं स्पेलिंग मात्र तुम्हाला सांगावं लागेल.

राय धान्याचा काळा पाव ओव्याच्या जातीतल्या शहाजिऱ्यासारख्या बियांसह येतो, आंबट असतो आणि आठवडाभर टिकतो. फिरत्या सळईवर पातळ पीठ सोडत भाजलेला, काट्याकाट्यांचा शाकोतिस हा केक दिसायला झाडासारखा; त्यात अंडी भरपूर. शाकाहारींनी सफरचंदाचं ‘चीज’ शोधावं. त्यात दूध नसतंच, सफरचंदाचा गर आटवून, दाबून, वाळवून वडी केलेली असते. ताज्या दह्याच्या चक्क्याचं चीजही असतं. मांस खाणाऱ्यांसाठी मटण आणि कांदा भरलेली अर्धचंद्राकृती किबिनाय. ती कराइम समाजाची. ग्रँड ड्यूक व्हितौतासने चौदाव्या शतकाच्या अखेरीस क्रिमियातून या समाजाची कुटुंबं आणून व्हिल्नियसजवळच्या त्राकाय गावात वसवली, तेव्हापासून ते तिथे आहेत. धुरावलेलं मांस आणि सॉसेजेसही भरपूर असतात. खरं तर बहुतेक वर्षी जत्रा ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळातच येते, आणि पहिला दिवस शुक्रवार, म्हणजे मांसवर्ज्य. सॉसेजच्या रांगेकडे बघून तसं वाटत नाही.

खरं कसं ओळखायचं

आज हिवाळाभर टोपल्या विणून त्यावर जगणारं कुटुंब विरळाच. बरेच विक्रेते नोकरी सांभाळून हे करतात, काही जण फक्त कारागीर म्हणून जगतात, आणि काही जण घाऊक बाजारातून प्लास्टिकची खेळणी आणि यंत्रावर विणलेले मोजे आणून विकतात. लिथुआनियाने २००७ मध्ये राष्ट्रीय वारशाच्या उत्पादनांसाठी कायदा केला. पारंपरिक साहित्य, पारंपरिक आकार आणि हाताची पारंपरिक पद्धत तपासून वस्तूला प्रमाणपत्र मिळतं आणि तिच्यावर वारशाचं चिन्ह लावता येतं. ते चिन्ह दिसलं तर निर्धास्त घ्या. नसलं म्हणजे माल खोटाच असं मात्र नाही; कागदपत्रांच्या भानगडीत न पडणारी म्हातारी माणसं तिथेही आहेत.

कागद सोडा, हाताला विचारा. लाकडी चमच्याच्या वाटीत चाकूचे बारीक चर दिसतात का? टोपलीच्या तळाला प्लास्टिकची दोरी नाही ना? आणि समोरच्या माणसाने हे स्वतः केलंय का, हे विचारायला लाजू नका. ज्याने केलंय तो सांगताना थांबत नाही, भाषा येत नसली तरी हाताने करून दाखवतो. ज्याने आणलंय तो किंमत सांगतो. घासाघीस करायची आपली सवय इथे फार चालत नाही. दोन-तीन वस्तू एकदम घेतल्या तर विक्रेता आपणहून थोडं सोडतो, एवढंच.

जायचं असेल तर

लिथुआनिया शेंगेन प्रदेशात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि २०१५ पासून चलन युरो. कार्ड बऱ्याच ठिकाणी चालतं, पण आजीबाईंच्या टेबलावर सुटे युरोच चालतात. जत्रेचा मुख्य भाग कॅथेड्रलपासून पिलिएस रस्त्याने टाऊन हॉलच्या चौकापर्यंत, जेमतेम किलोमीटरभर, आणि बाजूच्या गल्ल्यांतून विल्नेले नदीच्या अंगाला पसरलेला. सगळं पायीच. शनिवारी दुपारी पिलिएसवर चालता येत नाही, लोकच तुम्हाला पुढे नेतात. शुक्रवारी सकाळी जा. निवड पूर्ण असते आणि बोलायला विक्रेत्यांना वेळ असतो. बूट न घसरणारे आणि पाणी न शिरणारे हवेत. स्वेटरपेक्षा मोजे जास्त महत्त्वाचे.

वेर्बा भारतात आणण्याआधी विचार करा. बिया आणि कणसं असलेला वाळका पाला म्हणजे वनस्पतिजन्य माल, आणि त्यावर वनस्पती विलगीकरणाचे नियम लागतात. मांस आणि दुधाच्या पदार्थांचंही तसंच. लाकूड, लिनन आणि काळी मडकी आणणं सोपं पडतं. लाकूड मात्र पूर्ण वाळलेलं आणि साल काढलेलं असावं.

मार्च हुकला तरी वेर्बा बघता येतात. व्हिल्नियसपासून काही किलोमीटरवर, सुदेर्वेकडे जाताना, चेकोनिश्केस गावात एका जुन्या लाकडी घरात वेर्बा आणि घरगुती वस्तूंचं छोटं संग्रहालय आहे. आधी विचारून गेलात तर वेर्बा बांधायला शिकवतातही. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर कुंपणाशी उभ्या इमॉर्टेलच्या रांगा दिसतील, पुढच्या काझ्युकासची तयारी चाललेली.